स्मार्ट मिररचा माईक: मोबाईलवर चांगला, पायवर नुसती घरघर

तापीकाठ_जळगाव

नमस्कार मंडळी. हॉलच्या भिंतीवर घरी बनवलेला स्मार्ट मिरर आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४ जीबी, पुढे नुसतं 'पाय'), त्यावर बुकवर्म ही लिनक्स प्रणाली डेस्कटॉपसह. मॅजिकमिरर (आरशावर माहिती दाखवणारा प्रोग्राम) पीएम२ वरून (प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणारं साधन) आपोआप सुरू होतं. जुन्या २२ इंची मॉनिटरचं पॅनल, पुढे ४ मिमी टू-वे काच, सागाची २० मिमी जाड चौकट. आवाजासाठी हिरवं-गुलाबी भोक असलेलं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड आणि त्यात मोबाईलचा कॉलर माईक. माईक काचेच्या मागच्या बाजूला चिकटवलाय. हाक ओळखायला ओपनवेकवर्ड, पुढची आज्ञा कळायला व्होस्कचं छोटं हिंदी मॉडेल.

अडचणी तीन. एक, रेकॉर्ड करून ऐकलं तर नुसती घरघर, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. तोच माईक मोबाईलला लावला तर झकास चालतो. दोन, पाय रीबूट केला की कधी माईक सापडतो, कधी 'असं उपकरण नाही' म्हणतो. तीन, पायथनची स्क्रिप्ट १६००० ला उघडायला गेलो की एरर -९९९७, इनव्हॅलिड सॅम्पल रेट.

गेन (माईकचा आवाज वाढवायची मात्रा) शंभरावर नेऊन झालाय. फक्त घरघर मोठी झाली. सुरुवात कुठून करू?

सर्किटवाला_धुळे

सुरुवात प्लगवरून. कॉलर माईकच्या पिनेवर काळ्या पट्ट्या मोजा. तीन असतील तर तो चार कप्प्यांचा मोबाईलचा प्लग आहे. साउंड कार्डाचं गुलाबी भोक मात्र तीन कप्प्यांचं. मोबाईलच्या प्लगमध्ये टोकाला डावा स्पीकर, मग उजवा, मग ग्राउंड, आणि अगदी मुळाशी माईक. कार्ड माईक शोधतं टोकावर. म्हणजे कार्ड ज्या कप्प्याकडे कान लावून बसलंय तिथे तार जोडलेलीच नाही, आणि ज्या तारेत आवाज आहे ती कार्डाच्या ग्राउंडला टेकलीय. तुम्हाला ऐकू येतोय तो इकडून तिकडून झिरपलेला आवाज आणि त्यावर मेन्सची ५० हर्ट्झची घरघर. मोबाईलवर तोच माईक चालतो तो याच कारणाने.

उपाय: चार कप्प्यांचं एक मादी टोक आणि तीन कप्प्यांची दोन नर टोकं असलेली स्प्लिटर वायर. गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलच्या कुठल्याही दुकानात मागा, फक्त 'हेडफोन आणि माईक वेगळे करणारी' असं स्पष्ट सांगा. नाहीतर दोन हेडफोन लावायची वायर हातात पडते, ती दिसायला अगदी तशीच असते. माईकचं चिन्ह असलेलं टोक गुलाबी भोकात.

आणि कुणी नवीन वाचत असेल तर: पाय ४ वरच्या ३.५ मिमीच्या भोकात माईक लावून उपयोग नाही. तिथून ऑडिओ आणि कॉम्पोझिट व्हिडिओ फक्त बाहेर जातो, आत काही येत नाही. पाय ५ ला तर ते भोकच नाही.

भुसावळ_यार्ड

सर्किटवाल्यांनी पहिली अडचण धरली. दुसरी आणि तिसरी सॉफ्टवेअरच्या बाजूची आहे, पण त्याआधी एक नियम घालून घ्या: ओपनवेकवर्ड, व्होस्क, मॅजिकमिरर सगळं बंद. पीएम२ थांबवा. जोपर्यंत साधं रेकॉर्डिंग तुमच्या कानाला स्वच्छ लागत नाही, तोपर्यंत ओळखणाऱ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. माणसाला कळत नाही ते मॉडेलला कुठून कळणार.

(आज्ञा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाका.)

'एरेकॉर्ड -एल' चालवा. इथला एल स्मॉल. कार्डांची यादी येईल. पाय ४ वर हेडफोनचं एक, एचडीएमआयची दोन आणि तुमचं यूएसबीचं एक अशी कार्डं असतात, पण रेकॉर्डिंगच्या यादीत फक्त यूएसबीचं दिसेल. त्याचा क्रमांक दर बूटला तोच राहील याची खात्री नाही. कोण आधी जागं झालं त्यावर तो ठरतो. तुमच्या कॉन्फिगमध्ये क्रमांक लिहिलेला असणार, म्हणून 'कधी सापडतो, कधी नाही'. क्रमांकाऐवजी नाव वापरा. यादीत क्रमांकाच्या पुढे जो छोटा शब्द येतो (या कार्डांचा बहुतेक 'डिव्हाइस' असतो) तो घेऊन 'प्लगएचडब्ल्यू:कार्ड=डिव्हाइस,डेव्ह=०' असं लिहा. 'कार्ड' आणि 'डेव्ह' कॅपिटलमध्ये, 'डिव्हाइस'चा फक्त पहिला डी कॅपिटल.

तिसऱ्या अडचणीचं मूळही तिथेच आहे. ही स्वस्त कार्डं सहसा ४४१०० आणि ४८००० एवढ्याच वेगाने रेकॉर्ड करतात. ओपनवेकवर्डला हवेत १६०००. 'एचडब्ल्यू' ने उघडलं तर अल्सा (लिनक्सचा आवाज सांभाळणारा भाग) हस्तक्षेप करत नाही, कार्ड नाही म्हणतं आणि तुम्हाला -९९९७ दिसतो. 'प्लगएचडब्ल्यू' ने उघडलं की अल्सा मध्येच वेग बदलून देतं. कार्डाला नक्की काय झेपतं ते बघायचं असेल तर एरेकॉर्डला 'डंप-एचडब्ल्यू-पॅरम्स' हा पर्याय देऊन 'एचडब्ल्यू' नावाने उघडा, सगळी यादी येते.

इथे एक खोडी पुष्कळ जण करतात. कार्ड ४४१०० ला उघडतात आणि व्होस्कला सांगतात १६०००. एरर येत नाही. पण व्होस्कच्या लेखी तुमचा आवाज पावणेतीन पट सावकाश झालेला असतो, रबर ताणल्यासारखा. मग 'लाईट बंद' चं काहीतरी भलतंच छापून येतं आणि दोष मॉडेलला.

चाचणी: 'एरेकॉर्ड -डी प्लगएचडब्ल्यू:कार्ड=डिव्हाइस,डेव्ह=० -एफ एस१६_एलई -आर १६००० -सी १ -डी ५ चाचणी.वेव्ह'. पहिला डी कॅपिटल, तो उपकरणाचा. शेवटचा स्मॉल, तो सेकंदांचा. फाइल पायवर ऐकू नका, मोबाईलवर घेऊन इअरफोन लावून ऐका.

आता गेन. 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ ने यूएसबी कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चरच्या पानावर जा. माईकच्या दांडीखाली लाल 'कॅप्चर' दिसलं पाहिजे, नसेल तर स्पेसबार. 'ऑटो गेन कंट्रोल' असेल तर त्यावर जाऊन एम दाबून बंद करा. शांतता असली की तो गेन वर ओढत राहतो, पंख्याचा आवाज फुगवतो, आणि तुम्ही तोंड उघडलं की पहिलाच शब्द फाटतो. नेमकी हाक त्या पहिल्या शब्दातच असते. गेन ७० च्या आसपास ठेवा आणि नेहमीच्या उंचीवर, नेहमीच्या अंतरावरून बोला. मग 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर'.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर 'फ्यूजर -व्ही' ने डेव्ह/एसएनडी मधल्या फायली बघा, माईक कोणी धरून ठेवलाय ते कळेल. बुकवर्मवर पाइपवायर (सगळ्या प्रोग्रामना आवाज वाटून देणारी सेवा) असतं, बहुतेक वेळा तेच. किंवा हाक ऐकणारा आणि आज्ञा ऐकणारा, दोघेही एकाच वेळी थेट माईक मागत असतील. थेट उघडलेला माईक एकालाच मिळतो. दोघांना द्यायचा असेल तर पाइपवायरमधून घ्या किंवा 'डीस्नूप' (एक माईक अनेकांना देणारी अल्साची सोय) लावा.

तापीकाठ_जळगाव

पट्ट्या तीनच निघाल्या! स्प्लिटर आणला आणि आवाज आला. क्रमांकाऐवजी नाव टाकल्यावर चार वेळा रीबूट केलं, चारही वेळा माईक सापडला. -९९९७ गेला.

आता नवीन हाल. टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवली तर माईक उघडतो, पीएम२ वरून चालवली तर 'डीफॉल्ट' उपकरण मिळत नाही. आणि टेबलावर तीन मीटरवरूनही ऐकतो, पण मिररमध्ये बसवला की अर्ध्या मीटरपलीकडे बहिरा. थोडी घरघर अजून आहे.

भुसावळ_यार्ड

पीएम२ चं सोपं आहे. डेस्कटॉपवर तुम्ही लॉगिन केलंत की पाइपवायर तुमच्या सेशनमध्ये चालतं. बूटवर पीएम२ सिस्टमडीकडून (लिनक्स चालू होताना सेवा सुरू करणारा भाग) सुरू होतं आणि त्याला ते सेशन कुठे आहे ते माहीत नसतं. मिरर सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये 'एनपीएम स्टार्ट' च्या आधी 'एक्सपोर्ट एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर=/रन/युजर/१०००' ही ओळ टाका. १००० हा तुमचा युजर क्रमांक, 'आयडी -यू' ने खात्री करा. पीएम२ रूटने चालवत असाल तर आधी ते बंद करा. रूटला तुमचं पाइपवायर दिसत नाही आणि मग माणूस तासन् तास परवानग्या बदलत बसतो.

सातपुडा_मेकर

काचेच्या मागे माईक चालणार नाही. कितीही चांगला आणा.

४ मिमी काच आवाज पंचवीस-तीस डेसिबलने पाडते. आत जे पोहोचतं ते बहुतेक चौकटीच्या फटींमधून, मागच्या हवेच्या भोकांतून, भिंतीवर आपटून फिरून आलेलं. त्यात खालचे सूर टिकतात, वरचे जातात. 'स', 'श', 'च', 'ट' यांची ओळख २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, ती गेली की 'चालू' आणि 'लावू' यांत फरक उरत नाही. म्हणून 'खोल विहिरीतून'. चिकटवलेल्या माईकला शिवाय काचेची थरथर थेट मिळते.

माईकला चौकटीतून बाहेर बघू द्या. भोक ३ मिमीचं पुरे, पुढून दिसतही नाही. पण सरळ २० मिमी लाकडातून ३ मिमीचं भोक आरपार पाडलंत तर ती बासरी होते. एका टोकाला बंद अशी २० मिमीची नळी ४.३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते (३४३ भागिले ४ गुणिले ०.०२), म्हणजे बरोबर तुमच्या 'स' आणि 'श' च्या जागी. त्यासाठी मागच्या बाजूने १६ मिमीच्या बिटने खळगा करा आणि पुढे फक्त ३ मिमी लाकूड शिल्लक ठेवा. मग छोटं भोक. नळी ३ मिमीची झाली की तिचा सूर २८ किलोहर्ट्झवर जातो, आपल्या कामाबाहेर. बिटवर १७ मिमीला टेप गुंडाळा म्हणजे हात घसरणार नाही. साग कडेला तुटतो, पुढच्या बाजूला फळीचा तुकडा क्लॅम्प करून मगच छोटं भोक पाडा.

माईक आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची दुहेरी टेप, मधोमध भोक पाडून. दोन कामं होतात: चौकटीची थरथर माईकला लागत नाही, आणि मॉनिटरच्या पोकळीतला आवाज बाजूने शिरत नाही. ही सील नीट नसेल तर मिररच्या स्वतःच्या स्पीकरचा आवाज आतून थेट माईकमध्ये जातो आणि मिरर स्वतःच्याच बोलण्याला उत्तर देत बसतो.

जागा: खालच्या दांडीत मधोमध. वरच्या दांडीत नको, पंखा जवळ येतो आणि माणसाचं तोंड लांब जातं.

सर्किटवाला_धुळे

उरलेल्या घरघरीबद्दल. आधी कारण शोधा, मग फेराइट (गोंगाट अडवायला वायरीवर चढवायचं कडं) वगैरे विकत घ्या. मॉनिटरची पिन भिंतीतून काढा, एचडीएमआय केबल काढा, पाय चांगल्या पॉवरबँकेवर लावा, एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून) आत शिरून पाच सेकंद रेकॉर्ड करा. घरघर गेली? मग ती वीजपुरवठ्याची. आता एकेक जोडत जा. एचडीएमआय लावताच परत आली तर ग्राउंड लूप: मॉनिटर तीन पिनी, पायचा ॲडॉप्टर दोन पिनी, आणि एचडीएमआयची जाळी दोघांना जोडतेय. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि त्या बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का ते टेस्टरने नाही, मल्टिमीटरने बघा. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलइतकं आलं पाहिजे. जुन्या घरांत तिसरं भोक निव्वळ शोभेचं असतं.

पॉवरबँकेवरही राहिली तर माईकची वायर मॉनिटरच्या पॉवर सप्लायवरून जात असेल. काटकोनात ओलांडा, समांतर नको.

अजून एक. लोडशेडिंगमध्ये घर इन्व्हर्टरवर गेलं की घरघर वाढते असं वाटलं तर ते खरंच आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० असे विषम पटींचे सूर टाकतो आणि ते बोलण्याच्या पट्ट्यात येतात. ॲनालॉग वायर जितकी लांब तितकं जास्त.

आणि 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' बघून घ्या. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय, ०एक्स५०००० म्हणजे मागे कधीतरी पडलं होतं. लोक इथे जळगावच्या व्होल्टेजला शिव्या देतात, पण भिंतीत १८० झालं तरी ॲडॉप्टर निभावतो. पाय कुरकुरतो तो ॲडॉप्टर आणि पाय यांच्यामधल्या बारीक यूएसबी केबलमुळे. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, वायर कायम जोडलेली असते तसा ॲडॉप्टर घ्या.

कळण्याची_भाकरी

एवढं सुतारकाम कशाला? सॉफ्टव्हॉल (अल्सामधला सॉफ्टवेअरचा गेन) लावून ३० डेसिबल गेन वाढवा, काचेमागूनही ऐकेल.

भुसावळ_यार्ड

गेनने आवाज वाढतो तसा गोंगाटही तेवढाच वाढतो. दोघांतलं अंतर तसंच राहतं, आणि मॉडेलला लागतं ते अंतर. मोजून बघता येतं. पाच सेकंद गप्प बसून एक फाइल, पाच सेकंद दोन मीटरवरून बोलून दुसरी. 'सॉक्स फाइल.वेव्ह -एन स्टॅट' चालवा आणि दोन्हींचा 'आरएमएस ॲम्प्लिट्यूड' घ्या. बोलण्याचा आकडा शांततेच्या दहापट असेल तर २० डेसिबल, बिनघोर. तिपटीवर आला तर १० डेसिबल, तिथून चुका सुरू. दुपटीवर असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. गेन बदलून हे गुणोत्तर बदलत नाही, भोक पाडल्याने बदलतं.

सॉफ्टव्हॉलला जागा आहे, पण वेगळी. गोंगाट कमी आहे आणि आवाजही बारीक आहे, तेव्हा. आयटूएस माईकला (थेट पायच्या पिनांना जोडायचा डिजिटल माईक) तो हमखास लागतो.

तापीकाठ_जळगाव

खालच्या दांडीत भोक पाडलं, सांगितल्याप्रमाणे मागून खळगा करून. गुणोत्तर आधी दोनच्या आत होतं, आता अकरा. एचडीएमआय लावल्यावरच घरघर यायची, दोन्ही एका बोर्डावर घेतल्यावर गेली. तीन मीटरवरून ऐकतोय.

पण कूलर सुरू केला की सगळं पाण्यात. गुणोत्तर दीडवर. मे महिन्यात कूलर बंद ठेवून आरशाशी कोण बोलणार?

सातपुडा_मेकर

भाऊ, कूलर कोठे शे? आरशाच्या समोर, की त्याच भिंतीला? हे आधी सांगायला हवं होतंत, खान्देशात हा प्रश्न नंबर एकचा.

कूलरचा आवाज दोन प्रकारचा असतो. एक घुमणारा: मोटर मिनिटाला १४०० फेरे आणि चार पाती, तर १४०० भागिले ६० गुणिले ४, म्हणजे ९३ हर्ट्झ आणि त्याच्या पटी. हा काढणं सोपं. १५० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर काढणारी गाळणी) लावा, टेलिफोन तर ३०० च्या खालचं काहीच पाठवत नसे आणि तरी माणसाला माणूस कळायचा. रेकॉर्ड केलेल्या फाइलवर आधी 'सॉक्स आत.वेव्ह बाहेर.वेव्ह हायपास १५०' करून ऐका, फरक पटला तरच कायमचा बसवा.

दुसरा प्रकार हवेच्या झोताचा आणि वाळ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा. तो सगळ्या पट्ट्यात पसरलेला, बोलण्याच्या मधोमध. तो गाळणीने निघत नाही. ओपनवेकवर्डमध्ये स्पीक्सचा नॉइज सप्रेशन चालू करता येतो, थोडी मदत होते. पण खरं काम अंतर आणि दिशा करतात. बोलणारा निम्म्या अंतरावर आला की त्याचा आवाज माईकपाशी दुप्पट होतो, ६ डेसिबल, आणि कूलर तेवढाच राहतो.

झोत थेट चौकटीवर येत असेल तर अजून एक भानगड. भोकावरून वारा गेला की माईकमध्ये धडधड होते आणि ती एवढी मोठी असते की बाकी सगळं फाटतं. फाइल ऐकली की लगेच ओळखू येते. कूलरची झडप दहा-पंधरा अंश वळवा, भोकावर आतून काळ्या फोमचा पातळ तुकडा लावा.

माले वाटस, तुम्ही माईक आरशातच पाहिजे हा हट्ट सोडा. आरसा भिंतीवर राहू द्या, माईक सोफ्याकडे आणा. यूएसबी माईक आणि ३ मीटरची एक्स्टेंशन, पट्टीतून भिंतीच्या कडेने. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते. डिजिटल असल्यामुळे वाटेत घरघर शिरत नाही. ३.५ मिमीची ॲनालॉग वायर मात्र ३ मीटर ओढू नका.

आरशातच हवा असेल तर चार माईकांची पट्टी हवी. स्वस्तातला जुना मार्ग प्लेस्टेशन ३ चा आय कॅमेरा, त्यात चार माईक आहेत, जुन्या बाजारात मिळतो. पण त्यातले चार चॅनल नुसते एकत्र करून फार काही होत नाही, दिशा पकडणारं सॉफ्टवेअर वर लागतं. आतच दिशा पकडणारी चिप असलेला बोर्ड मिळतो, तो महाग.

तापीकाठ_जळगाव

कूलर खिडकीत, आरशासमोर अडीच मीटरवर. झोत सरळ आरशावर. सोफा आरशापासून दोन मीटर, कूलर आणि आरशाच्या मध्ये.

आयएनएमपी४४१ या आयटूएस माईकचे दोन तुकडे पडून आहेत. कॉलर माईकऐवजी ते लावले तर फायदा होईल का?

सर्किटवाला_धुळे

कूलरविरुद्ध नाही. तोही चारही बाजूंनी सारखाच ऐकतो. फायदा घरघरीत: आवाज माईकच्या आतच डिजिटल होतो, त्यामुळे ग्राउंड लूप, इन्व्हर्टर, साउंड कार्ड, स्प्लिटर सगळं कटकटीतून बाद. लावायचाच असेल तर असा.

व्हीडीडी ३.३ व्होल्टवर, म्हणजे पायची पिन १. चुकून ५ व्होल्टच्या पिन २ वर गेला तर माईक गेला समजा. ग्राउंड पिन ६. एससीके पिन १२, डब्ल्यूएस पिन ३५, एसडी पिन ३८. एल/आर ग्राउंडला, म्हणजे डावा चॅनल. ही एल/आरची पिन मोकळी सोडू नका, नाहीतर आज डावीकडे बोलेल, उद्या उजवीकडे. वायरी १० ते १५ सेंटिमीटर, त्याहून लांब झाल्या की कटकट ऐकू येते.

'/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'डीटीपॅरम=आयटूएस=ऑन' आणि 'डीटीओव्हरले=गूगलव्हॉइसहॅट-साउंडकार्ड'. जुन्या लेखांत '/बूट/कॉन्फिग.टीएक्सटी' असतं, बुकवर्मवर तिथे लिहून काही होत नाही. रीबूटनंतर 'एरेकॉर्ड -एल' मध्ये कार्ड दिसेल. 'एस३२_एलई' आणि दोन चॅनलने रेकॉर्ड करा, कारण हा माईक २४ बिटांचा डेटा ३२ बिटांच्या डब्यात पाठवतो. १६ बिट मागून शांतता मिळाली म्हणून पुष्कळ चांगले माईक कचऱ्यात गेलेत.

आवाज बारीक येईल. अल्सामिक्सरमध्ये गेनची दांडी दिसणार नाही, हार्डवेअरमध्ये ती नाहीच. इथे सॉफ्टव्हॉल लावा, २० ते ३० डेसिबल. त्याची दांडी मिक्सरमध्ये एकदा त्या उपकरणातून रेकॉर्ड केल्यावरच उगवते, आधी शोधू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: याचं ऐकण्याचं भोक धातूच्या डबीवर नाही, बोर्डाच्या उलट्या बाजूला आहे. डबी पुढे करून बसवला तर तो तुमच्याकडे पाठ करून बसतो. आणि सोल्डरिंगनंतर बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवायची सवय असेल तर त्या भोकावर आधी टेप लावा.

कळण्याची_भाकरी

गेनचं मागे घेतो, सॉक्सने मोजल्यावर पटलं.

आज्ञांबद्दल एक सुचवतो. व्होस्कला पूर्ण भाषा ऐकायला लावू नका, शब्दांची छोटी यादी द्या. रेकग्नायझर बनवताना तिसरा पॅरामीटर म्हणून यादी देता येते आणि छोटी मॉडेलं ती मानतात. यादीत शेवटी चौकटी कंसात 'यूएनके' टाकायला विसरू नका. तो नसेल तर मॉडेलला प्रत्येक आवाज यादीतल्याच कुठल्यातरी शब्दात कोंबावा लागतो, भांडं पडलं तरी 'लाईट बंद' होतं.

मॉडेल हिंदी आहे, म्हणून दोन्ही भाषांत चालणारे शब्द निवडा: लाईट, पंखा, चालू, बंद, समाचार. मॉडेलच्या शब्दसंग्रहात नसलेला शब्द टाकला तर सुरू होताना 'मिसिंग इन व्होकॅब्युलरी' अशी सूचना येते आणि तो शब्द गाळला जातो. लॉग वाचत जा. घरात आजी अहिराणी बोलत असतील तरी अडत नाही, क्रियापदाच्या रूपावर भिस्त ठेवली नाही म्हणजे झालं. 'चालू' आणि 'बंद' सगळ्यांच्या तोंडात सारखेच.

आणि कुणी क्रोमची वेब स्पीच वापरायचा विचार करत असेल तर मॅजिकमिररमध्ये ती चालत नाही. मिरर इलेक्ट्रॉनवर चालतो, त्यात गूगलची ती सेवा जोडलेली नसते, 'नेटवर्क' असा एरर येतो आणि माणूस वायफाय तपासत बसतो.

तापीकाठ_जळगाव

शेवटी असं केलं. साधा यूएसबी माईक सोफ्याच्या कडेला, कूलरकडे पाठ करून, ३ मीटर एक्स्टेंशनवर. कूलरची झडप वळवली. हायपास १५० चा. कूलर मधल्या वेगावर असताना सोफ्यावरून गुणोत्तर सहा, पूर्ण वेगावर साडेतीन. मधल्या वेगावर आज्ञा नीट जाते, पूर्ण वेगावर हाक दोनदा मारावी लागते. व्होस्कला अकरा शब्दांची यादी दिली, आता भांड्यांना उत्तर देत नाही.

एकच उरलं. दुपारी चारनंतर हाक दिल्यावर दोन-तीन सेकंदांनी जागा होतो. सकाळी नाही. एरेकॉर्ड चालवलं तर मध्येच 'ओव्हररन' छापतो.

भुसावळ_यार्ड

तापतोय. 'व्हीसीजेनकमांड मेझर_टेम्प' दुपारी बघा. पाय ४ ऐंशी अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो. ओपनवेकवर्डला दर ८० मिलिसेकंदांनी नवा तुकडा चघळायचा असतो, तो वेळेत संपला नाही की मागे रांग लागते. ओव्हररन म्हणजे तीच रांग. बाहेर ४५, भिंत पश्चिमेची असेल तर चौकटीच्या आत ५५ सहज, त्यात मॉनिटरची स्वतःची ऊब.

चौकट भिंतीपासून १५ मिमी पुढे घ्या, खाली-वर हवेला वाट करा, पायला मोठा हीटसिंक. आत पंखा लावायचा मोह होईल. आता माईक बाहेर आहे म्हणून चालेल, पण पाय आणि पॅनल वेगळे करून पाय चौकटीखाली छोट्या डबीत बसवलात तर पंखाही लागणार नाही. एचडीएमआयची अर्ध्या मीटरची केबल पुरते.

तापीकाठ_जळगाव

८२ दाखवतोय. भिंत पश्चिमेचीच आहे. पाय खाली डबीत घेतो.